पिशवीच्या तोंडाचा कर्करोग : गैरसमज कसे पारखावेत आणि तपासणी कशी करून घ्यावी

गर्भाशयमुखाचा कर्करोग, म्हणजे बेळगाव-खानापूरपासून निपाणी-अथणीपर्यंत ज्याला सर्रास ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हटले जाते तो आजार, इतर बहुतेक कर्करोगांपेक्षा वेगळा आहे. त्याचे कारण ठाऊक आहे, त्यावर लस आहे आणि प्रत्यक्ष कर्करोग होण्याच्या कित्येक वर्षे आधी काही मिनिटांच्या तपासणीत त्याची पूर्वखूण सापडू शकते. असे असूनही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयोगटातील ज्या स्त्रियांनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतली होती, त्यांचे प्रमाण देशभरात दोन टक्क्यांच्याही आत होते. पैशाची अडचण आणि दवाखान्याचे अंतर ही कारणे खरी आहेतच. पण दवाखाना गावाच्या वेशीवर असूनही ज्या बायका तिथे पोहोचत नाहीत, त्यांना अडवणारी गोष्ट बहुतेक वेळा एखादी समजूत असते. म्हणून आधी समजुतींचा विचार करू आणि मग तपासणीकडे वळू.

‘मला काहीच त्रास नाही, मग कशाला?’

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच आहे. हा कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी हा संबंध उलगडला आणि त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूच्या अनेक प्रकारांपैकी १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग होतात. विषाणूची लागण झाली म्हणजे कर्करोग झाला, असे मात्र अजिबात नाही. सुमारे ९० टक्के स्त्रियांचे शरीर दोन वर्षांच्या आत हा विषाणू आपोआप काढून टाकते. ज्या थोड्या स्त्रियांत तो मुक्काम ठोकतो, त्यांच्या गर्भाशयमुखावरील पेशी हळूहळू बदलू लागतात आणि त्या बदलाचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या स्त्रियांत, विशेषतः एचआयव्हीवर उपचार सुरू नसलेल्या स्त्रियांत, हा काळ ५ ते १० वर्षांवर येऊ शकतो.

या सगळ्या वर्षांत दुखत नाही, रक्त जात नाही, ताप येत नाही. बाई शेतात भांगलण करते, घरचे सगळे करते आणि तिला काही जाणवत नाही. त्रास सुरू होतो तेव्हा बऱ्याचदा आजार पुढे गेलेला असतो. त्यामुळे काही दुखत नसताना केलेली तपासणी हीच खरी तपासणी होय. दुखायला लागल्यावर जी केली जाते ती निदानाची धावपळ असते.

‘हा वाईट चालीच्या बाईला होतो’

या समजुतीवर मी जरा थांबून लिहितो आहे, कारण तिच्यामुळे बायका नुसत्या तपासणीला जायचे टाळत नाहीत, तर निदान झाल्यावरही ते घरात लपवतात. एचपीव्ही लैंगिक संबंधातून आणि त्या भागातील त्वचेच्या संपर्कातून पसरतो हे खरे आहे. पण तो इतका सर्वत्र पसरलेला आहे की लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. जिचा आयुष्यभर फक्त नवऱ्याशीच संबंध आला, अशा स्त्रीलाही तो होऊ शकतो. विषाणू पुरुषाच्या शरीरातही असतो आणि त्याला बहुतेक वेळा कसलेच लक्षण दिसत नाही. लागण कधी झाली हे कोणत्याही चाचणीवरून सांगता येत नाही. आज सापडलेला विषाणू लग्नाच्या पहिल्या वर्षातला असू शकतो किंवा त्याही आधीचा. म्हणून एचपीव्हीचा अहवाल पॉझिटिव्ह आला, यावरून बायकोच्या किंवा नवऱ्याच्या वागण्याविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. हे वाक्य घरातील पुरुषांनी आणि सासूबाईंनी वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण तपासणीला जाण्याची परवानगी आणि अहवालानंतरचा आधार बऱ्याच घरांत त्यांच्याच हातात असतो.

विषाणू एका ताटात जेवल्याने, एकाच न्हाणीघरात अंघोळ केल्याने किंवा रोगी बाईची सेवा केल्याने लागत नाही. कर्करोग झालेल्या सुनेचे भांडे वेगळे ठेवण्याला कसलाही वैद्यकीय आधार नाही.

इतर काही समजुती

पाळीच्या वेळी कापड वापरल्याने हा कर्करोग होतो असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. स्वच्छता राखणे इतर संसर्ग टाळण्यासाठी आवश्यक आहेच, पण या कर्करोगाचे मूळ विषाणूत आहे आणि महागडे पॅड वापरणारी स्त्री त्यापासून आपोआप सुरक्षित होत नाही. लवकर सुरू झालेला लैंगिक संबंध, बरीच बाळंतपणे, विडी-सिगारेट ओढणे आणि एचआयव्ही यांमुळे लागण झालेल्या स्त्रीचा धोका वाढतो. ‘आमच्या घराण्यात कुणाला नाही’ हे समाधान या आजारात उपयोगाचे नाही, कारण तो मुख्यतः आनुवंशिक नाही. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत गर्भनलिका बंद केल्या जातात. त्यामुळे विषाणूला अटकाव होत नाही. तांबीमुळे कर्करोग होतो ही भीतीही निराधार आहे. निरोधामुळे धोका कमी होतो, पण पूर्ण संरक्षण मिळत नाही, कारण निरोधाने न झाकलेल्या त्वचेतूनही विषाणू पसरतो.

अंगावरून पांढरे जाते म्हणजे कर्करोगच, अशी धास्ती घेऊन काही बायका थेट पिशवी काढून टाकायला तयार होतात. पांढरे जाण्याची कारणे बहुतेक वेळा साध्या संसर्गाची असतात आणि गोळ्या-औषधांनी बरी होतात. केवळ पांढरे जाते म्हणून किंवा ‘पुढे कॅन्सर होईल’ म्हणून कोणी गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला, तर आधी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू नये. ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे, त्यांनी शस्त्रक्रियेचे कागद शोधून दोन गोष्टी पाहाव्यात : गर्भाशयाबरोबर त्याचे तोंडही काढले होते का, आणि काढण्याचे कारण काय होते. तोंड शिल्लक असेल, किंवा पेशींतील बदलांमुळे शस्त्रक्रिया झाली असेल, तर पुढची तपासणी चुकवता येत नाही.

पाळी गेली म्हणजे आता भीती नाही, हेही चूक आहे. पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्ताचा डाग दिसला, तरी त्या आठवड्यातच डॉक्टरांकडे जावे. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव आणि ओटीपोटात वा कमरेत सतत राहणारे दुखणे ही लक्षणेही नियमित तपासणीची वाट पाहत बसण्याची नाहीत.

तपासणी कुठे आणि कशी

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी आणि ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहे. आपल्या गावच्या आशाताईंना आधी विचारावे की प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात कोणत्या दिवशी आणि कोण ही तपासणी करते. तिथे सोय नसेल, तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात जावे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली स्त्रियांना सरकारी साध्या बसचा प्रवास राज्यात मोफत आहे, त्यामुळे खानापूरच्या आतल्या गावातून बेळगावला यायला तिकिटाची अडचण राहत नाही. आधार कार्ड आणि रेशन कार्ड बरोबर असावे. एकटीला संकोच वाटत असेल, तर स्त्रीशक्ती संघातील चार-पाच जणींनी मिळून एकच दिवस ठरवावा; जावा-नणंदा एकत्र गेल्या की लाज निम्मी होते, असा अनेक गावांतील आशाताईंचा अनुभव आहे. केंद्रातील कर्मचाऱ्यांना मराठी नीट येत नसेल, तर कन्नड समजणारी एक जण सोबत न्यावी. आपली शेवटची पाळी कधी आली, बाळंतपणे किती झाली आणि रक्त जाते का, हे प्रश्न हमखास विचारले जातात आणि त्यांची उत्तरे संकोच न करता, खरी द्यावीत.

पाळी चालू नसतानाचा दिवस निवडावा. आधीचे दोन दिवस संबंध टाळावा आणि योनीत कोणतेही औषध किंवा धुण्याचे द्रावण वापरू नये. दिवस गेलेले असतील किंवा नुकतेच बाळंतपण झालेले असेल, तर तसे सांगावे. तपासणी पुढे ढकलली जाते.

सरकारी केंद्रात सर्वसाधारणपणे व्हीआयए ही तपासणी होते. टेबलावर पाठीवर झोपून गुडघे दुमडून बाजूला घ्यायचे असतात. आरोग्यसेविका किंवा डॉक्टर योनीत स्पेक्युलम नावाचे उपकरण हलकेच घालतात, त्यामुळे गर्भाशयाचे तोंड समोर दिसते. त्यावर ३ ते ५ टक्के तीव्रतेचे असेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच, कापसाच्या बोळ्याने लावतात आणि एक मिनिट थांबतात. निरोगी भाग गुलाबीच राहतो. जिथे पेशी बदललेल्या असतील तिथे ठळक कडांचा पांढरा डाग उमटतो. थोडी चुरचुर होते आणि उपकरणाचा दाब जाणवतो, पण टोचणे नाही, कापणे नाही आणि भूलही नाही. श्वास सोडत अंग सैल ठेवले की त्रास आणखी कमी होतो. पडदा आहे का आणि तपासणारी व्यक्ती स्त्री आहे का, हे आधी विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. निकाल त्याच वेळी कळतो.

‘नर्सबाईंनी केलेल्या तपासणीचा काय भरवसा?’ असे विचारले जाते. मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटा रुग्णालयाने केलेल्या दीर्घ अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनीच व्हीआयए केली होती आणि तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आणि तिच्यानंतरच्या उपचाराने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. या बायका आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या होत्या.

व्हीआयएची एक मर्यादा लक्षात ठेवावी. पाळी गेल्यानंतर बदल होणारा भाग आत सरकतो आणि डोळ्यांना नीट दिसत नाही. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांनी म्हणून शक्य असेल तर पॅप चाचणी (गर्भाशयमुखावरील पेशी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) किंवा एचपीव्ही चाचणी (त्याच भागातील नमुन्यात विषाणू शोधणे) करून घ्यावी. एचपीव्ही चाचणी या तिन्हींत अधिक खात्रीची आहे आणि तिचा नमुना काही ठिकाणी स्त्रीला स्वतःलाही घेता येतो, पण सरकारी केंद्रांत ती अजून सगळीकडे नाही. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी तिशीची वाट न पाहता २५ व्या वर्षापासूनच तपासणी सुरू करावी आणि ती दर तीन ते पाच वर्षांनी करावी; उपचार घेत असलेल्या एआरटी केंद्रातच त्याविषयी विचारावे.

अहवाल हातात आल्यावर

अहवाल इंग्रजीत असतो आणि तो वाचून घरात उगाच रडारड होते. पॅप चाचणीच्या अहवालावर ‘एनआयएलएम’ (NILM) लिहिले असेल, तर पेशींत दोष आढळलेला नाही. ‘एस्कस’ (ASC-US) म्हणजे किंचित संशय, ‘एलसिल’ (LSIL) म्हणजे सौम्य बदल आणि ‘एचसिल’ (HSIL) म्हणजे ज्यावर लवकर पुढची तपासणी व्हायलाच हवी असा बदल. यांपैकी कोणताही शब्द कर्करोग झाल्याचे सांगत नाही. पुढची पायरी बहुधा कॉल्पोस्कोपीची असते, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख मोठे करून पाहणे, आणि गरज वाटल्यास तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासणीसाठी घेणे.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती आपल्या भागात फार खोल रुजलेली आहे. पुढे गेलेल्या आजारात तुकडा काढला, निदान झाले आणि काही महिन्यांत बाई गेली, असे कुणीतरी पाहिलेले असते आणि दोष तुकड्यावर जातो. वास्तविक आजार आधीच पसरलेला होता. गर्भाशयमुखाचा तुकडा घेतल्याने कर्करोग पसरत नाही आणि त्याशिवाय योग्य उपचार ठरवता येत नाही.

कर्करोगापूर्वीचे बदल सापडले, तर बहुतेक वेळा एका भेटीतच उपचार होतो : अतिथंड टोकाने तो भाग गोठवतात, किंवा १०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवलेल्या टोकाने अर्ध्या-एक मिनिटात नष्ट करतात, किंवा विजेच्या बारीक तारेने तेवढाच भाग काढतात. गर्भाशय जागेवर राहते आणि पुढे मूलही होऊ शकते.

प्रत्यक्ष कर्करोग निघाला तरी तो मृत्यूचा दाखला नाही. सुरुवातीच्या टप्प्यात शस्त्रक्रियेने आणि पुढच्या टप्प्यात किरणोत्सर्ग व केमोथेरपी एकत्र देऊन बऱ्याच स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. किरणोत्सर्गाचा संपूर्ण उपचार, आतून दिल्या जाणाऱ्या किरणांसह, साधारण आठ आठवड्यांच्या आत पूर्ण झाला पाहिजे. मध्ये खंड पडला तर बरे होण्याची शक्यता घटते. ऊसतोड, सुगी, घरातले लग्न किंवा यल्लम्माची जत्रा यांसाठी मधली तारीख चुकवू नये. म्हणूनच दवाखाना निवडताना नाव मोठे आहे का यापेक्षा दीड-दोन महिने रोज पोहोचता येईल का हे आधी पाहावे. बेळगावकरांना बेळगाव किंवा हुबळी-नवनगर, अथणी-कागवाडकरांना मिरज आणि निपाणीकरांना कोल्हापूर सोयीचे पडते. एखादा नातेवाईक जवळ असेल तर तेही जमेस धरावे.

खर्चासाठी कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, तर एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के रक्कम, वर्षाला दीड लाखापर्यंत मिळते. आधी सरकारी रुग्णालयात जाऊन, तिथे तो उपचार नसल्यास शिफारसपत्र घेऊन मगच योजनेतील खासगी रुग्णालयात दाखल व्हावे. उलट क्रमाने गेल्यास पैसे मिळताना अडचण येते. सीमेपलीकडे जाणार असाल, तर आपले कार्ड तिथे चालेल का हे त्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारावे.

मुलींची लस

लस ९ ते १४ वयात, म्हणजे विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी, दिली तर सर्वांत उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ पासून उपलब्ध आहे आणि ती १६ व १८ सह चार प्रकारांपासून संरक्षण देते. या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा देतात, पंधरा वर्षांनंतर तीन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये २० वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी एक मात्राही पुरेशी मानली आहे. शाळेत किंवा आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते का, हे आशाताईंकडे विचारावे.

लसीने मूल होत नाही ही अफवा आहे. जगभरात कोट्यवधी मात्रा दिल्यानंतरही तसे काही आढळलेले नाही. अविश्वासाला मात्र एक इतिहास आहे आणि तो लपवू नये. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधील एका प्रकल्पात लस घेतलेल्या काही मुलींचे मृत्यू झाले आणि तो थांबवण्यात आला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण पालकांची संमती नीट घेतली नव्हती ही टीका योग्यच होती. म्हणून शाळेतून संमतीपत्र आले, तर ते वाचून घ्यावे, कन्नडमध्ये असेल तर समजावून मागावे आणि मगच सही करावी. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींच्या पिढीत हा कर्करोग ८७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये दिसून आले.

लस विषाणूच्या सर्व प्रकारांवर चालत नाही आणि आधीच झालेली लागण बरी करत नाही. त्यामुळे लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायची आहे, आणि मुलीला लस देऊन आणलेल्या आईने आपली तपासणी झाली असे समजायचे नाही.

तपासणीची तारीख, प्रकार आणि निकाल एका वहीत लिहून ठेवावा आणि सगळे कागद रेशन कार्डाच्या पिशवीतच ठेवावेत, कारण पुढच्या वेळी कर्मचारी बदललेले असतात. निकाल चांगला असल्यास पाच वर्षांनंतरचा महिना त्याच पानावर नोंदवावा. कर्करोगापूर्वीच्या बदलांवर उपचार झाला असल्यास पुढची तपासणी एका वर्षाने करावी.